घडीच्या आतला रंग

बाहीची घडी उलगडली तेव्हा आतलं कापड बाहेरच्या कापडापेक्षा गडद दिसलं. फरक थोडाच होता. सुकलेल्या आणि ओलसर मातीत असतो, त्याहूनही कमी. पण त्याची कड पट्टीने आखावी तशी सरळ होती आणि हाताभोवती फिरून पुन्हा स्वतःलाच येऊन मिळत होती. सोहुईने दुसरी बाही उलगडली. तिथेही तेच. बैठकीच्या खोलीतला एसी अंगावर येत होता म्हणून तिने बाह्या खाली घेतल्या होत्या, एवढंच. सगळा उन्हाळा तिने हा शर्ट बाह्या दुमडून घातला होता, बसथांब्यावर, नदीकाठच्या रस्त्याने चालत येताना, गच्चीत कपडे वाळत घालताना. आणि धुतल्यावर पुन्हा त्याच घडीवर दुमडला होता, कारण पर्सिमन या तुरट फळाच्या रसात रंगवलेलं कापड ताठ असतं, एकदा पडलेली घडी ते सोडत नाही. म्हणजे बाहेर ऊन लागलं होतं आणि आत लागलं नव्हतं. कच्च्या पर्सिमनचा रंग उन्हात चढतो, निदान पहिली काही वर्षं तरी. हा उतरला होता. समोर पडद्यावर कोणत्या कंपनीने किती पाणी वाचवलं त्याच्या रेघा वर-खाली होत होत्या आणि ह्योन, तिच्या हाताखालचा तरुण रसायनतज्ज्ञ, त्या समजावून सांगत होता. मध्येच थांबून तो म्हणाला, "टीमप्रमुखांनी आज गिऱ्हाइकाचाच शर्ट घातलाय. आपली एवढी फुकट जाहिरात कोण करेल?" सगळे हसले. सोहुईही हसली आणि तिने दोन्ही बाह्या पुन्हा जुन्या घडीवर नीट दुमडून घेतल्या.

शर्ट तिने स्वतःच्या पैशाने विकत घेतला होता, दुकानात जाऊन, लेबलावरच्या पूर्ण किमतीला. 'उन्हघर'ची मालकीण यंगरान तो भेट द्यायला निघाली होती, तेव्हा सोहुईने हात मागे घेतला होता. ज्या कंपनीचा प्रामाणिकपणा आपण तोलायचा, तिच्याकडून सुतळीचा तोडासुद्धा घ्यायचा नाही, हा तिच्या संस्थेचा नियम. आणि तो पाळताना तिला स्वतःबद्दल बरं वाटलं होतं हे आता तिला आठवलं. संस्था कपड्यांच्या आणि घरगुती वस्तूंच्या कंपन्यांना दर्जा देते: पाणी कुठून येतं, कुठे जातं, शिवणाऱ्या-रंगवणाऱ्या हातांना काय मिळतं, आणि लेबलावर जे लिहिलंय ते खरं आहे का. उन्हघरच्या शर्टांवर, पडद्यांवर, उशांच्या अभ्र्यांवर एकच ओळ असते: फळ, ऊन आणि हात, बाकी काही नाही. मागच्या वर्षी त्या ओळीखाली संस्थेचं हिरवं पान छापलं गेलं, सगळ्यात वरच्या दर्जाचं, आणि त्या पानाखाली सही सोहुईची होती. पान आल्यावर उन्हघरची दुकानं वाढली. आता एका मोठ्या दुकान-साखळीशी करार व्हायचा होता आणि त्यासाठी पान पुढच्या वर्षाकरता पुन्हा मिळायला हवं होतं. पुन्हा सही. बाकीच्या बैठकीत तिने काय ऐकलं, काय नाही, तिला सांगता आलं नसतं. दुमडलेल्या बाहीच्या आत मनगटाच्या वर ती गडद पट्टी आहे, एवढंच तिला जाणवत राहिलं, कपड्याखाली एखादा ओरखडा असावा तसं.

घरी आल्यावर तिने शिवणीच्या आतला, कधीच दिसत नाही तो काठ कापून घेतला. प्रयोगशाळेतून हिराकशीची छोटी बाटली आणली होती. पर्सिमनमधलं तुरट द्रव्य हिराकशीला भेटलं की काळं होतं, शाईसारखं. हे तिने शाळेत पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला वाटलं होतं की दोन गोष्टींनी एकमेकींना ओळखलं. बशीतला तुकडा काळा झाला नाही. करडा झाला, आणि त्या करड्याच्या आतून तपकिरी तसाच दिसत राहिला, कोणाला न ओळखणारा. म्हणजे थोडं फळ होतं. वास येण्यापुरतं, ताठपणा येण्यापुरतं. रंग दुसरा होता. दुसरा तुकडा तिने साबणाच्या गरम पाण्यात पांढऱ्या कापडाबरोबर ठेवला आणि भात लावला. भात होईपर्यंत पांढऱ्या कापडावर फिकट लालसर डाग आला होता. तिने तो टेबलावर ठेवून जेवण केलं, काकडीची कोशिंबीर, सोयाबीनची आमटी, आणि जेवताना तिच्या लक्षात आलं की तिला धक्का बसलेला नाही. खूप दिवसांपूर्वी ऐकलेलं कोणीतरी पुन्हा मोठ्याने म्हणावं, तसं वाटत होतं.

कारण मागच्या वर्षी जेजू बेटावर उन्हघरच्या रंगशाळेच्या अंगणात ती उभी होती तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. पावसाळा लांबला होता, विमानाला उशीर झाला होता, टॅक्सीवाला संपूर्ण वाट ऊन दिसलं नाही म्हणून रडगाणं गात होता. आणि अंगणात गवतावर पसरलेली थानं मात्र पिकल्या रंगाची होती, लालसर, खोल. कच्ची फळं कुटून, रस कापडात मुरवून ते उन्हात टाकायचं, पाणी मारायचं, पुन्हा वाळवायचं, पुन्हा पाणी, असं कितीतरी दिवस. तेव्हा कुठे तो रंग येतो. ढगांखाली येत नाही. हे तिच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग डोळ्यांनी जे पाहिलं ते कुठे गेलं? ती आठवू लागली, आणि तिला आठवला तो आवाज: "अगं, तू कुणाची? तुझं नाक कुठंतरी बघितलंय मी." ओकसेंग सामचुन. बेटावर गावातल्या कुठल्याही वडीलधाऱ्या माणसाला, बाई असो की पुरुष, सामचुनच म्हणतात; काका, मावशी, आत्या, सगळं त्या एका हाकेत येतं. ओकसेंग सामचुन त्या रंगशाळेची म्होरकी, ठेंगणी, रुंद, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. पहिला चहा संपायच्या आत तिने सोहुईच्या आईचं माहेर, तिथलं अंगण, त्यातलं संत्र्याचं झाड, आजोबांचं टोपणनाव सगळं बाहेर काढलं होतं. "म्हणजे तू तर घरचीच निघालीस! ए, ऐका गं, तपासायला आलेली बाई आपल्या घरची निघाली." बाया हसत गोळा झाल्या. कुणी तिच्या हातात मुळ्याची भाजी भरलेली बकव्हीटच्या पिठाच्या धिरड्याची गुंडाळी दिली, कुणी म्हणाली, आईसारखीच बारीक आहे, कुणी म्हणाली, नाही गं, आई हिच्याहून देखणी होती. आणि नमुना घ्यायला तिने पिशवीतून कात्री काढली तेव्हा ओकसेंग सामचुनने ती हातातून काढूनच घेतली होती. "घरच्या पोरीनं काम करायचं? मग आम्ही कशाला आहोत? बस तिथं. मी देते कापून." नमुना तपासनिसाने स्वतःच्या हाताने, स्वतः निवडून घ्यायचा असतो. हे ती नव्या मुलांना दरवर्षी शिकवते. ती ओट्यावर बसली होती, खाल्लेल्या तिळाच्या तेलाचा वास बोटांना येत होता, आणि सामचुन आतल्या खोलीत जाऊन तुकडा घेऊन आली होती. तो तुकडा हिराकशीत शाईसारखा काळा झाला होता.

यंगरानचे फोन येऊ लागले. विद्यापीठात ती सोहुईच्या दोन वर्ग पुढे होती. थंडीच्या परीक्षांमध्ये तिने सोहुईला स्वतःचं जाकीट दिलं होतं आणि ते परत मागितलं नव्हतं. "अगं, उचलत का नाहीस? मला वाटलं मेलीस की काय."

"काम आहे गं, यंगरानताई."

"माझंच काम कर ना मग! करारवाले रोज विचारतात, पान कधी, पान कधी. मी म्हटलं, आमच्या सोहुईच्या हातात आहे, ती मुंगीलासुद्धा तिकीट विचारून पुढे सोडते. हसले सगळे." थोडं थांबून: "काही अडलंय का?"

सोहुई म्हणाली, "नाही. पाहते आहे."

'पाहते आहे' हे शब्द फोन ठेवल्यावर खोलीत राहिले. ती काहीच पाहत नव्हती. टेबलावरचा डागाळलेला पांढरा तुकडा तिने एका पाकिटात घातला होता आणि पाकीट कपाटात. रोज सकाळी ती ठरवायची की आज संचालकांना सांगायचं, आणि रोज काहीतरी वाजवी कारण सापडायचं: आणखी एक नमुना हवा, एकट्या शर्टावरून निष्कर्ष काढू नये, दुकानातला गठ्ठा वेगळा असू शकतो. कारणं शास्त्रशुद्ध होती. हेच तिला सगळ्यात लागत होतं, की तिचं शास्त्र तिच्या भित्रेपणाच्या बाजूने इतकं चोख साक्ष देत होतं. ट्रेनमध्ये एका मुलीच्या खांद्यावर उन्हघरची पिशवी दिसली. पिशवीवर हिरवं पान. मुलगी मैत्रिणीला सांगत होती, "महाग आहे, पण निदान मनाला बरं वाटतं." सोहुई पुढच्या स्टेशनवर उतरली, तिचं नव्हतं तरी, आणि फलाटावर उभी राहून दुसरी गाडी येईपर्यंत जाहिरातीतल्या पाण्याच्या बाटलीकडे बघत राहिली.

रविवारी ती इंचॉनला आईकडे गेली. आई लसूण सोलत होती. सोहुईने शर्ट तिच्या मांडीवर टाकला आणि बाही उलगडली. आईने चष्मा वर केला, अंगठ्याने कड चाचपली. तिने हा रंग अंगावर घालून गव्हाची, सातूची कापणी केली होती. कुसळ त्याला चिकटत नाही, घाम चिकटत नाही. एकोणिसाव्या वर्षी बोटीत बसून ती मुख्य भूमीवर आली तेव्हाही याच रंगाची विजार अंगात होती, आणि कारखान्याच्या वसतिगृहात पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी विचारलं होतं, ही चिखलात पडली होती का. त्यानंतर आईने तो रंग घातला नाही. सोहुईला लहानपणी ती विजार एकदाच दिसली होती, ट्रंकेच्या तळाशी, आणि तिने 'हे काय' म्हटल्यावर आईने झाकण लावलं होतं. आज तोच रंग सेऊलच्या काचेच्या दुकानांत मंद दिव्याखाली टांगलेला असतो. सोहुईला वाटलं, आपण त्याला वरचा दर्जा दिला तेव्हा आपल्याला कापड दिसतच नव्हतं. वसतिगृहातल्या त्या कुणाला तरी उत्तर द्यायचं होतं. संस्थेच्या शिक्क्याने, तळटिपांसकट.

"हा उन्हाचा नाही," आई म्हणाली.

"नाही."

"मग?" आईने लसणाची पाकळी पातेल्यात टाकली. "त्यांनी काय करावं? ऊन काय कारखान्यात होतं? मागणी आली, पोरी म्हाताऱ्या झाल्या, मारला थोडा रंग. सगळं जग मारतं."

"लेबलावर तसं लिहिलेलं नाही, आई. आणि ते पाणी कुठं जातं? तुमच्याकडची जमीन काळा दगड आहे, भोकाभोकांची. वर ओतलेलं खाली जातं आणि समुद्राजवळच्या झऱ्यात निघतं. त्याच झऱ्यावर तुम्ही भाजी धुता."

आईने लसणाचं पातेलं बाजूला सारलं. मग ती अशा आवाजात बोलली जो सोहुईने फक्त आईच्या आजारपणात ऐकला होता. "जुन्या चांद्र पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी थडग्यांवरचं गवत काढायला सगळं गाव जमतं. मी निघून आल्यापासून तुझ्या आजोबांचं गवत कोण काढतं? ओकसेंगची मुलं काढतात. एक वर्ष चुकलं नाही. मी एकदाही गेले नाही, तरी चुकलं नाही. या वर्षी जायचं म्हणतेय, तुला घेऊन. आणि तू त्यांचं दुकान बंद करणार?" मग हळू: "निदान गवत काढून होईपर्यंत तरी तोंड उघडू नकोस."

सोहुईने मान हलवली. कबूल केलं की नुसतीच मान हलवली, तिला स्वतःला कळलं नाही. पण त्या आठवड्यात संचालकांनी विचारल्यावर ती म्हणाली, "उन्हघरचं जेजूहून आल्यावर देते," आणि तिला झोप चांगली लागली, आणि चांगली झोप लागल्याची सकाळी लाज वाटली.

गावात ती आईबरोबर पोचली तेव्हा गवत कापायच्या यंत्रांची घरघर शेताशेतातून येत होती. थडगी तिथे शेतातच असतात, भोवती काळ्या दगडांची बुटकी भिंत. आजोबांच्या भिंतीच्या आत गवत कापून झालं होतं. कापलेल्या गवताचा वास इतका हिरवा होता की आईने पदरासारखा रुमाल नाकाशी धरला, आणि मग तो डोळ्यांशी गेला. ओकसेंग सामचुन तिथेच होती, फुलाफुलांच्या रुमालात. तिने आईला पाहिलं आणि पाठीत धपाटा घातला. "आलीस! आता कशाला आलीस? मला वाटलं तुझंच गवत काढायची पाळी येते." दोघी एकमेकींचे हात धरून रडल्या आणि रडता रडता कुणाचा नवरा मेला नि कुणाची सून पळाली याची मोजदाद करू लागल्या. सोहुई बाजूला उभी होती. सामचुनच्या कोपरापर्यंतच्या कातडीवर लाल, सुकलेले चट्टे होते आणि बोलताना ती ते नखांनी सारखे खाजवत होती.

"सामचुन, हाताला काय झालं?"

"काही नाही गं. वय झालं की कातडी चुगल्या करायला लागते."

"कधीपासून?"

"काय माहीत. ती नवी पूड आली तेव्हापासून असेल." सामचुन हे इतक्या सहज बोलली की सोहुईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "रबरी मोजे आहेत, पण उकडतं त्यात."

"कसली पूड?"

"रंगाची. सेऊलहून पोती येतात. पर्सिमनचा रस थोडा आणि पूड बाकीची. तुला दाखवू? चल, जेवायच्या आधी दाखवते." आणि खरंच तिने दाखवली. रंगशाळेच्या मागच्या खोलीला कुलूपसुद्धा नव्हतं. पोती रचून ठेवली होती, एकावर मांजर झोपलं होतं. बाहेर सांडपाण्याची पन्हळ काळ्या दगडात जात होती आणि तिथेच संपत होती, जणू पाण्याला पुढे कुठे जायचंच नव्हतं. सोहुईने विचारलं, "मागच्या वर्षीही होती?"

"होती की. पाऊस उघडेना, मालकीणबाई फोनवर फोन करत होती. म्हणाली, खाण्यात घालतात तसलीच आहे, काही होत नाही."

"मला का नाही दाखवली?"

सामचुन खाजवायची थांबली. "तू विचारलं कुठं? आम्हाला सांगितलं होतं की सेऊलहून शिकलेली बाई येतेय, तिला सगळं ठाऊक असतं. आम्ही म्हटलं, असेल ठाऊक." मग तिला एकदम काहीतरी आठवून हसू आलं. "आणि तुला तुकडा दिला ना मी, तो आमच्या घरचा. माझ्या कफनासाठी ठेवलेल्या थानाचा. तीन उन्हाळे उन्हात घातलेला. घरची पोर आली, तिला काय पुडीचं द्यायचं? चांगलं तेच द्यायचं."

सोहुई पन्हळीशेजारी उभी होती. वर्षभर तिने स्वतःला एक गोष्ट सांगितली होती, शब्दांत नाही, पण सांगितली होती: फसवलं गेलं असेल तर त्यांनी फसवलं. त्यात आडोसा होता. आता दिसलं की इथे तिला कुणीच फसवलं नव्हतं. तिला जपून ठेवलेलं, सगळ्यात खरं कापड दिलं होतं, म्हातारीने स्वतःच्या मरणातून कापून. आणि तिने ते प्रयोगशाळेत नेऊन हजारो मीटर खोट्या कापडासाठी ते जामीन ठेवलं होतं. लबाडी सेऊलमध्ये होती, काचेच्या मागे, आणि तिच्या सहीत. इथे फक्त आदरातिथ्य होतं. तिला वाटलं, या बाईला चट्टे आले आहेत आणि ही बाई मला बस म्हणतेय, जेव म्हणतेय. पन्हळीतलं पाणी आता स्वच्छ वाहत होतं, कारण सणाला काम बंद होतं. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याला ती पूर्वी कधीच नुसतं पाहून सोडत नसे.

अंगणात चटया पडल्या. डुकराच्या मटणाचा रस्सा, शेवया, वाफवलेली भाकरीसारखी लाल बीन्सची पोळी, झऱ्यावर धुऊन आणलेली लेट्यूसची पानं, अजून थेंब असलेली. आई बायांच्या मधोमध बसली होती, तिचा चेहरा कित्येक वर्षांनी ढिला पडला होता. कुणीतरी तिला जुन्या नावाने हाक मारत होतं, सोहुईने कधी न ऐकलेल्या. ओकसेंग सामचुनने एका पानात मटणाचा तुकडा, लसूण, तिखट गुंडाळलं आणि हात लांब करून सोहुईच्या तोंडासमोर धरलं. "आ कर. किती रोडावलीस. आणि ऐक, ते पान का काय ते या वर्षीही देतेस ना? पोरी विचारतात. करार झाला तर गावात आणखी चार जणींना काम लागेल, माझी धाकटी सूनसुद्धा परत येते म्हणतेय." सगळ्या बायांचे चेहरे तिच्याकडे वळले, घास चावता चावता, प्रश्नाचं उत्तर आधीच मिळालेलं असावं तसे निवांत. आईने मात्र चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि नजर चटईवर धरली. घास तोंडात घेतला तर पाच मिनिटं बोलता येणार नाही, मग कुणीतरी दुसरंच काही बोलेल, मग विमानाची वेळ होईल, मग सेऊल, मग 'पाहते आहे'. हे सगळं तिला एकाच वेळी दिसलं, पायऱ्या दिसाव्यात तसं. तिने सामचुनचं मनगट धरलं, चट्ट्यांच्या खालून, आणि घासासकट तो हात हळूच खाली, सामचुनच्याच वाडग्यावर टेकवला.

"नाही, सामचुन," ती म्हणाली, आणि आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "या वर्षीचं देणार नाही, आणि मागच्या वर्षी दिलेलंही काढून घेणार आहे. ते मी न बघता दिलं होतं, आणि तसंच लिहून देणार आहे. यंगरानताईला अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला आधी सांगतेय."